पाना टेकवून बॅटरी तपासू नका

"जनरेटरची बॅटरी डाऊन? मेकॅनिकवर पैसे घालवू नका, घरीच करा" असा एक मेसेज सध्या कोकणातल्या ग्रुपांवर फिरतोय. बॅटरीच्या टर्मिनलवर पाना टाकून ती तपासा, असं त्यात लिहिलंय. काल तो मेसेज माझ्या मावसभावाने मला पाठवला. दापोलीजवळ त्याचा मंडपाचा धंदा आहे, गणपती तोंडावर आलेत, आणि मेसेजखाली त्याने विचारलं होतं, "दादा, पाना लावून बघू का?" नको. अजिबात नको. का नको ते सगळ्यांसाठीच लिहितो, कारण ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर आपल्याकडे गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती आणि त्यानंतर बटणस्टार्ट छोटे जनरेटर घराघरात आले. वर्षातले बरेच महिने ते कोपऱ्यात पडून असतात. बॅटरी उतरणारच.

मेसेजमध्ये मुळातली गोष्टच नाही. कार्बोरेटरवाल्या पेट्रोल जनरेटरची बॅटरी फक्त सेल्फ (बटण दाबल्यावर इंजिन फिरवणारी मोटर) फिरवते. इंजिनातल्या स्पार्क प्लगला करंट मिळतो तो फ्लायव्हीलवरच्या चुंबकामुळे कॉइलमध्ये तयार होणारा. म्हणजे बॅटरी पार मेली असली तरी इंजिन चालू शकतं, आणि म्हणूनच बहुतेक मशीनला बाजूला दोरी दिलेली असते. पेट्रोलचा कॉक उघडा, स्विच ऑन करा, चोक ओढा, दोरी मारा. दोरीनेही चालू होत नसेल तर दोष बॅटरीचा नाही. ऑइल कमी असेल (बऱ्याच मशीनमध्ये सेन्सर इंजिन चालूच होऊ देत नाही) किंवा गेल्या वर्षीचं पेट्रोल टाकीत कुजलं असेल.

आता तो पाना. मेसेज म्हणतो, "दोन्ही टर्मिनलवर पाना आडवा टाका, ठिणगी मोठी पडली तर बॅटरी चांगली." यापेक्षा घातक सल्ला मी वाचलेला नाही. एवढ्याशा बॅटरीतूनही शॉर्ट झाल्यावर क्षणभर शेकडो अँपिअर वाहतात. पाना टर्मिनलला चिकटून बसतो, भराभर तापतो, हातात अंगठी असेल आणि ती मध्ये आली तर बोटातच भाजते. त्याहून वाईट म्हणजे चार्जिंगच्या वेळी लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी एक ठिणगी पुरते. सीलबंद बॅटरीलाही व्हॉल्व्ह असतो, जास्त चार्ज झाली की तीही वायू सोडते. आणि ठिणगी नीट दिसावी म्हणून माणूस वाकलेला असतो, तोंड बरोबर बॅटरीवर. फुटली तर प्लास्टिकचे तुकडे आणि सल्फ्युरिक ॲसिड डोळ्यात. एवढं करून कळतं काय? काहीच नाही. सेल्फ फिरवायची ताकद नसलेली बॅटरीसुद्धा छान ठिणगी देते. व्होल्ट मोजणारा दोन-तीनशे रुपयांचा मीटर लावा. काही तास पडून राहिलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली गेली तर उतरलेली.

दुसरा जीवघेणा मुद्दा: "पाऊस असेल तर जनरेटर पडवीत घ्या, दार उघडं ठेवा, तासभर चालवला की बॅटरी फुल." अमेरिकेचा ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग वर्षानुवर्षं याच गोष्टीमागे लागलेला आहे. त्यांच्या देशात पोर्टेबल जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने दरवर्षी सुमारे १०० माणसं मरतात. एक जनरेटर शेकडो मोटारगाड्यांइतका हा वायू सोडू शकतो, दारं-खिडक्या उघडल्याने तो पुरेसा बाहेर जात नाही, आणि मशीन घरापासून किमान २० फूट लांब, सायलेन्सरचं तोंड घराकडे न करता ठेवावं, असं ते स्पष्ट सांगतात. या वायूला वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. आपल्या पडवीला तर आत उघडणारं दार असतंच, शिवाय माजघरात म्हातारी माणसं झोपलेली. आणि तासाभरात फुल होत नाहीच. मशीनचा स्वतःचा चार्जिंग करंट तुटपुंजा असतो आणि लेड-ॲसिडचा शेवटचा टप्पा फार सावकाश भरतो.

मेसेजमधलं बाकीचं भराभर. बॅटरीत ॲस्पिरिनच्या गोळ्या टाकू नका. त्यातून तयार होणारं ॲसेटिक ॲसिड प्लेटा खातं, आणि सीलबंद बॅटरी त्यासाठी उघडणं हाच गुन्हा. "फरशीवर ठेवली की उतरते" हे जुन्या लाकडी आणि रबरी खोक्यांच्या काळातलं आहे, आजच्या प्लास्टिकला लागू नाही. चालू गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून जंप देऊ नका. दोरी असताना त्याची गरज नाही, आणि तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये जंपला मनाई असेल तर विषयच संपला.

एक मुद्दा मान्य करावा लागेल. टर्मिनलवर जमलेला पांढरा-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने साफ करा, हे खरं आहे. "बॅटरी गेली" म्हणून आणलेल्या कितीतरी मशीनमध्ये फक्त ढिली, गंजलेली वायर असते. पण मेसेजने महत्त्वाचं गाळलं: आधी निगेटिव्ह वायर काढायची, लावताना ती शेवटी. उलट केलंत आणि पाना मशीनच्या बॉडीला लागला तर तीच ठिणगी, तोच धोका.

मावसभावाला सांगितलं ते असं. आज दोरीने चालव. बॅटरी काढून, चांगल्या हवेशीर जागी, बॅटरीच्या चार्जरवर लाव. १२ अँपिअर-अवर क्षमतेची असेल तर साधारण १.२ अँपिअरवर, रात्रभर. मोटारगाडीचा मोठा चार्जर नको. फुल झाल्यावर काढून ठेव आणि दुसऱ्या दिवशी मीटर लाव. १२.४च्या खाली घसरली, किंवा सेल्फ मारताना ९.६च्या खाली गेली, तर नवीन घे.