शरीराला औषधाची सवय होत नाही, जंतू औषध तोडतात

‘अँटिबायोटिक घेऊन घेऊन शरीराला सवय होते, मग ते लागू पडत नाही. ज्यांनी कधी घेतलंच नाही त्यांना काळजी नाही. बाकीच्यांनी पॉवर वाढवून घ्यावी. हा सगळा प्रकार कंपन्यांनी आणलाय, पूर्वी असं नव्हतं.’ या अर्थाचा मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. मला तो एकाच आठवड्यात तिघांकडून आला. लॅबमध्ये रोज कल्चरच्या, म्हणजे पेशंटकडून आलेले जंतू वाढवलेल्या प्लेट बघण्याचं काम करते, त्यामुळे तो नुसता डिलीट करून सोडवत नाही.

आधी ‘शरीराला सवय’. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम या घराण्यातल्या प्रत्येक औषधाच्या रेणूत चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं, त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. जंतू स्वतःची भिंत बांधत असतो तेव्हा हे कडं त्या बांधकामाच्या एन्झाइमला चिकटून बसतं. भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटतो. काही जंतू मात्र बीटा-लॅक्टमेज नावाचं वेगळं एन्झाइम तयार करतात. ते पाण्याच्या एका रेणूच्या मदतीने नेमकं हे कडं तोडतं. कडं तुटलं की औषध अंगात असूनही निकामी होतं. यात तुमच्या रक्ताचा किंवा प्रकृतीचा काही संबंध नाही.

हे डोळ्यांनी दिसतं. नायट्रोसेफिन नावाच्या, हेच कडं असलेल्या रसायनाची पिवळी चकती ओलसर करायची आणि प्लेटवरचे थोडे जंतू काडीने उचलून तिच्यावर घासायचे. बीटा-लॅक्टमेज असेल तर कडं तुटून पिवळ्याचं लाल होतं, काही जंतूंच्या बाबतीत तर मिनिटभरातच. टेबलावर पेशंट नसतो, त्याचं शरीरही नसतं. मग सवय झाली ती कोणाला?

मेसेजमध्ये थोडं खरंही आहे. वारंवार कोर्स घेतले की आपल्या आतड्यातले साधे जंतू मरतात आणि प्रतिकार करणारे उरतात, वाढतात. पण बदलतं ते जंतूंचं बिऱ्हाड.

आता ‘पॉवर वाढवा’. हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण लोक तो दुकानात जाऊन अमलात आणतात. एन्झाइम एकदा वापरून संपत नाही. एक कडं तोडून मोकळं झालं की पुढचं धरतं. वेगाने काम करणारं बीटा-लॅक्टमेज पेनिसिलिनचे हजारभर रेणू एका सेकंदात तोडू शकतं. घरातली ‘६२५’ची स्ट्रिप काढून मागे वाचा. त्यात अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅमच असतं, वरचे १२५ क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचे. ते स्वतः जंतू मारण्यात फारसं कामाचं नाही. ते बीटा-लॅक्टमेजमध्ये जाऊन अडकतं, तेवढ्यात अमॉक्सिसिलिन आपलं काम करतं. म्हणजे औषध बनवणाऱ्यांनीही नुसता डोस वाढवला नाही, एन्झाइमची वाट अडवली. असं एन्झाइम असलेल्या काही जंतूंच्या प्लेटवर क्लॅव्ह्युलॅनिकवाली चकती मधे आणि याच घराण्यातल्या सेफोटॅक्झिमची शेजारी ठेवली, तर सेफोटॅक्झिमभोवतीचं, जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ मधल्या चकतीच्या दिशेने ओढल्यासारखं फुगतं. असे जंतू मी नेहमी बघते आणि तरी तो आकार दिसला की थबकते.

हा उपायही सगळीकडे चालत नाही. एनडीएम-१ हे एन्झाइम जस्ताच्या अणूंच्या जोरावर कडं तोडतं, क्लॅव्ह्युलॅनिक त्याला रोखत नाही. शेवटचा आधार म्हणून राखलेली कार्बापेनेम गटातली इंजेक्शनंही ते तोडतं.

‘मी कधीच घेतलं नाही’ म्हणणाऱ्यांसाठी हेच एनडीएम-१ बघू. त्याचं जनुक बहुधा प्लाझ्मिडवर असतं. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं सुटं कडं. एक जंतू ते दुसऱ्याला देतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नवी दिल्लीतल्या नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि गल्लीबोळांत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये हे जनुक सापडलं. पाणी कोणाला विचारत नाही की तुम्ही आजवर किती कोर्स केलेत. असा जंतू पोटात गेला आणि पुढे ऑपरेशनची वेळ आली, तर एकही गोळी न घेतलेला माणूसही तितकाच अडचणीत येतो.

राहिलं ‘पूर्वी नव्हतं’. पेनिसिलिन तोडणाऱ्या एन्झाइमची नोंद ऑक्सफर्डच्या एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी डिसेंबर १९४० मध्ये प्रसिद्ध केली. तिथल्या आजारी पोलिसाला उपचार म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं गेलं ते त्यानंतर, फेब्रुवारी १९४१ मध्ये. कॅनडाच्या युकॉनमधल्या ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीतही अशी प्रतिकाराची जनुकं मिळाली आहेत. बुरशी आणि जंतू मातीत एकमेकांवर ही औषधं सोडत आलेत, त्यामुळे ती तोडणारी हत्यारंही तितकीच जुनी. कंपन्यांनी ती बनवली नाहीत. सर्दी-पडशाला, कोंबड्यांच्या खाद्यात, चिठ्ठीशिवाय दुकानातून अँटिबायोटिक वापरून ती हत्यारं असलेल्या जंतूंना आपण मोकळं रान दिलं, आणि त्यात तो मेसेज पुढे पाठवून ‘पॉवर वाढवा’ सांगणारेही आले.