जेल चालू आहे? मग तुम्ही तशा फ्रीच आहात!

नुकतीच पीएचडीला लागलेली समस्त मंडळी, इकडे लक्ष द्या. संशोधनातला तुमचा खरा शत्रू म्हणजे रिकामा वेळ. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणं, लावलं की पस्तीस सायकल संपायला दोनेक तास. ऑटोक्लेव्ह, म्हणजे लॅबचा निर्जंतुक करणारा प्रेशर कुकर, १२१ अंशांवर वीस मिनिटं, शिवाय प्रेशर उतरेपर्यंत त्याची मनधरणी वेगळी. जिवाणूंचं कल्चर तर ३७ अंशांवर रात्रभर. एवढा वेळ तुम्ही स्टुलावर बसता आणि नेमके तेव्हाच सर लॅबमध्ये येतात. सकाळपासून उभ्याने पिपेटिंग करताना ते फिरकत नाहीत. सरांना चालू मशीन दिसत नाही, बसलेला माणूस बरोबर दिसतो. तर हा वेळ सत्कारणी कसा लावावा, यावर चार अनुभवाचे बोल.

पिपेटच्या टिप्सचे बॉक्स भरा. भरलेले असतील तर ओतून पुन्हा भरा.

पेपर वाचायची चूक करू नका. स्क्रीनवर पेपर वाचणारा लांबून रील बघणाऱ्यासारखाच दिसतो. प्रिंट काढून हातात हायलायटर धरला तर अभ्यासू दिसता येतं, पण टोनर संपलाय, आणि तीन कोटेशनं आल्याशिवाय त्याच्या खरेदीचं इंडेंट पुढे सरकत नाही. सबब कपाळाला आठ्या घाला, तेवढ्याला सही लागत नाही.

बँकेचं ॲप उघडा. जेआरएफ, म्हणजे आमची फेलोशिप, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० झाली, ही आनंदाचीच गोष्ट. ती खात्यात आली का, हे दर इन्क्युबेशनला एकदा बघत जावं. मन गुंतून राहतं.

गाडी चालवा. केरी मलिसला पीसीआरची कल्पना १९८३ साली कॅलिफोर्नियात रात्री गाडी चालवताना सुचली, आणि १९९३ चं नोबेल मिळालं. आपणही चालवतोच की, विद्यापीठ चौकातून. तिथे जे सुचतं ते छापता येत नाही.

लांबलचक रन गुरुवारी लावा. का, ते गुरुवारी वीज जाणाऱ्या पुणेकरांना सांगायला नको.

आता सगळ्यात मोलाचा सल्ला: मशीन चालू असताना संस्थेच्या कार्याला हातभार लावा. मी नुकताच लावला. ताम्हिणीच्या गोगलगायींचे नमुने होते. भर पावसात, जळवांना रक्त पाजून गोळा केलेले. त्यातल्या एकीचं टेम्प्लेट, म्हणजे मूळ डीएनए, संपलं होतं, म्हणून शेवटच्या पीसीआरचा सगळा माल जेलवर, म्हणजे वीज सोडली की डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलीच्या वडीवर, चढवला होता. ६५८ बेसचा तुकडा, तो कापून सीक्वेन्सिंगला पाठवायचा. एक टक्का ॲगरोज, शंभर व्होल्ट, पाऊण तास. रंगाची निळी रेघ नुकती जेलच्या विहिरीतून (खाचेतून) खाली सरकली आणि सर आले.

"काय चाललंय?"

"जेल चालू आहे, सर."

"म्हणजे तशी फ्रीच आहेस ना? दुपारी पाहुण्यांचं व्याख्यान आहे, शाल-श्रीफळ राहिलंय. दहा मिनिटांचं काम."

म्हटलं, बंद करून जाते. "अगं, जेल त्याचं त्याचं पळतं, तुला काय पळवायचंय?" ज्युनिअरला लक्ष ठेवायला सांगितलं, तर मी जिना उतरेपर्यंत त्याला हॉलमध्ये खुर्च्या मांडायला नेलेलं. लक्ष्मी रोडला पार्किंग शोधेपर्यंत फोन आला, शाल मरून रंगाची नको. पाठोपाठ दुसरा, नारळाला शेंडी आहे ना बघ. नंतर तिसरा, आलीच आहेस तर बुकेही घे. दहा मिनिटं! ही दहा मिनिटं कुठल्या शहरात मोजली होती?

परत आले तर पॉवर पॅक इमानदारीत शंभर व्होल्ट दाखवतोय, तारेवर बुडबुडे येताहेत आणि बफरला, म्हणजे जेलभोवतीच्या द्रावणाला, फिकट निळी झाक. यूव्हीखाली धरलं, तर लॅडरचे, म्हणजे मापासाठी सोबत चढवलेल्या डीएनएचे, वरचे दोन-तीन पट्टे तेवढे काठाला लोंबकळत होते. माझा बँड, म्हणजे तो ६५८ बेसचा तुकडा, बफरमध्ये विसर्जित. डीएनए धन टोकाकडे जातो तो जातोच, त्याला कुणी कार्यक्रमपत्रिका दिलेली नव्हती.

मग व्याख्यानाला बसले, कारण हॉल भरलेला दिसायला हवा. पाहुण्यांनी फ्लेमिंगची गोष्ट सांगितली. १९२८ च्या सप्टेंबरात तो सुट्टीवरून परतला, मागे ठेवलेल्या प्लेटवर बुरशी आलेली, आणि त्यातून पेनिसिलिन. पहिल्या रांगेत सरांनी कौतुकाने मान डोलावली. सर, सुट्टीवरून परतला तो! सुट्टीवरून! त्याला कुणी नारळ आणायला पाठवलं नव्हतं!

आता ती गोगलगाय पुन्हा शोधायची, तर जूनचा पाऊस पडायला हवा. तोवर मी काय करू? टिप बॉक्स भरू?

तर गाईड मंडळी, सरळच सांगते. जेलपाशी माणूस बसलेला असतो, कारण ते बघत बसणं हेच काम आहे. गॅसवर दूध ठेवून उभ्या असलेल्या बाईला कुणी मंडईत पिटाळतं का? (पिटाळतात म्हणा, पण दूध उतू गेलं तर निदान गॅस पुसायला तरी येतात.) पाहुण्याला विमानतळावरून आणणं, खुर्च्या मांडणं, चिरंजीवांच्या शाळेचं सायन्स प्रोजेक्ट, हे काही आमच्या थिसिसचं प्रकरण नाही. त्यासाठी माणूस नेमा. पैसे नाहीत म्हणता? मग सत्कार करू नका. सहा महिन्यांनी प्रोग्रेस रिपोर्टमध्ये "डेटा का नाही?" असं विचारायचं, तेव्हा त्या दिवशी आम्हाला कुठे धाडलं होतं ते आधी आठवा. आणि "हो सर" म्हणून खुर्च्या उचलायला धावणाऱ्यांनो, तुम्हीही कमी नाही. तुमच्यामुळेच "नाही" म्हणणारी आगाऊ ठरते.

आणि एक सांगा, भर एप्रिलात, पुण्यात, शाल पांघरतं कोण हो?