दंड भरून मी काहीच शिकले नव्हते

मागच्या वर्षी सोलापुरात सात रस्ता चौकात मी सिग्नल तोडला. सकाळची शाळेची घाई, पिवळा दिसत होता, निघून जाऊ म्हणून गाडी दामटली. चौकात शिरेपर्यंत लाल झाला. पलीकडच्या पोलिसानं मोबाईलवर फोटो काढला, ई-चलनाचा मेसेज आला, रात्री जेवणं झाल्यावर मी पैसे भरून टाकले. विषय संपला.

पंधरा दिवसांनी पत्रकार भवनाजवळ पुन्हा तसाच पिवळा, पुन्हा मी तशीच गाडी घातली. या वेळी आडव्या रस्त्यानं स्कूटीवर एक मुलगी निघाली होती. तिनं वेळेत ब्रेक मारला म्हणून ती वाचली आणि मीही. माझ्या वर्गातल्या मुलींपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. त्या दिवशी शाळेत पहिले दोन तास मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

अमेरिकेत डॅलसला असलेल्या मावसभावाला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ताई, आमच्याकडे टेक्सासमध्ये साध्या गुन्ह्याचं तिकीट मिळालं तर कोर्टाची परवानगी काढून सहा तासांचा डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स करता येतो, मग ते तिकीट रद्द होतं. कोर्टाची फी भरावीच लागते. बारा महिन्यांत एकदाच ही सवलत. वेगमर्यादेच्या वर ताशी २५ मैल किंवा जास्त गेलात, तर मिळतच नाही.

आपल्याकडे तशी सोय नाही. तरी मी शोधत राहिले आणि विजापूर रोडवर एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एसटीतून निवृत्त झालेले एक काका भेटले. बोर्डावर असा काही कोर्स नव्हता. मी म्हटलं, लायसन्स आहे, गाडी येते, पण मला नीट शिकायचंय. ते म्हणाले, चार रविवार सकाळी सहाला या.

पहिल्या दिवशी त्यांनी मला आसरा चौकातून होटगी रोडनं सात रस्त्याकडे नेलं आणि सांगितलं, "मॅडम, जे दिसतंय ते मोठ्यानं बोलत चालवा." मी बोलू लागले. डावीकडे दुधवाला, पुढे रिक्षा, उजवीकडे गल्ली. दोनशे मीटरवर त्यांनी थांबवलं. "रिक्षाचं पुढचं चाक कुठं वळलं होतं?" मला सांगता येईना. "चाक आधी वळतं, मग रिक्षा. हाताची वाट बघू नका." दुधाच्या गाडीमागून माणूस रस्त्यावर येऊ शकतो, हेही मी म्हटलं नव्हतं. बावीस वर्षं गाडी चालवतेय. मी रस्त्याकडे बघत होते, पण पुढच्या क्षणाला तिथं काय होईल याचा विचारच करत नव्हते.

माझ्या चुकीचं नेमकं उत्तर दुसऱ्या रविवारी मिळालं. लांबून हिरवा दिसला की आपण खूश होऊन वेग वाढवतो. काका म्हणाले, तो कधीपासून हिरवा आहे ते बघा. बराच वेळ हिरवा असेल तर आता जाणार, असं धरून पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि ब्रेकवर नेऊन ठेवा. "पाय ठेवायला पैसे पडत नाहीत." हे मला लायसन्स काढताना कुणीच सांगितलं नव्हतं.

अंतराचंही तसंच. पुढची गाडी खांबापाशी गेली की "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" हा सिद्धेश्वराच्या यात्रेतला जयघोष म्हणायचा. ते पूर्ण व्हायच्या आत आपण खांबाला पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. पावसात दोनदा म्हणायचं. गड्ड्याच्या, म्हणजे त्याच यात्रेच्या, गावात हे विसरणं शक्यच नाही.

आता माझं म्हणणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात निलंबित लायसन्स परत घ्यायला रिफ्रेशर प्रशिक्षणाची अट आली. चांगलं आहे, पण ते लायसन्स निलंबित झाल्यावर. माझ्यासारखी पहिल्यांदा चुकलेली बाई दंड भरून त्याच सवयीनं पुन्हा रस्त्यावर येते. पहिल्याच चलनाला दंडाऐवजी असा एक दिवस द्या. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. या आकड्यापुढे एक रविवार जास्त नाही.

लोक म्हणतात, सोलापुरात अंतर ठेवलं की मधे रिक्षा घुसते. घुसते, खरंय. मग पाय थोडा सैल करून पुन्हा अंतर घ्यायचं. मी महिनाभर घड्याळ लावून बघितलं, घर ते शाळा एक मिनिटसुद्धा जास्त लागत नाही. मागचे हॉर्न मात्र ऐकावे लागतात. त्याची सवय व्हायला मला वेळ लागला.

रात्रीचा धडा शेवटच्या रविवारी झाला. ताशी ६० ला पाय ब्रेकवर जाईपर्यंतच गाडी साधारण पंचवीस मीटर पुढे जाते, थांबायला आणखी वीसेक मीटर. डिपरच्या उजेडात त्याच्याही अलीकडचंच दिसतं. म्हणजे रस्त्यावर बिनदिव्याच्या ट्रॉल्या असतात त्या उसाच्या दिवसांत आपण रोज आंधळ्यासारखे चालवतो. समोरून अप्पर मारत कुणी आलं, तर नजर रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची.

मुलाचं लर्निंग लायसन्स आलंय. स्टिअरिंग द्यायच्या आधी महिनाभर त्याला शेजारी बसवून बोलायला लावलं. परवा मंगळवेढ्याहून येताना तो म्हणाला, "आई, पुढं काहीतरी काळं आहे." उसाची ट्रॉली होती, मागे एकही दिवा नाही. आम्ही पुढे जाऊन ट्रॅक्टर थांबवला. वायर तुटली होती म्हणाला. आमच्या गाडीतला लाल त्रिकोण मुलानं त्याच्या ट्रॉलीला मागून सुतळीनं बांधून दिला.