प्लेटलेट्स कमी आहेत म्हणून डिप्रेशनची गोळी एकदम सोडू नका

"प्लेटलेट्स कमी असतील तर डिप्रेशनच्या गोळ्या म्हणजे विष, त्या प्लेटलेट्स खातात, आजच बंद करा आणि नॅचरल काहीतरी घ्या" असा मेसेज फिरतोय. आयटीपीवाल्या (म्हणजे शरीरच स्वतःच्या प्लेटलेट्स नष्ट करतं तो आजार असलेल्या) कुणी हे खरं मानून गोळी सोडली तर, या काळजीनेच लिहितेय.

"प्लेटलेट्स खातात" हे चूक. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन अशा एसएसआरआय गटातल्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी प्लेटलेट्सचा आकडा पडणं फार क्वचित. होतं काय, तर प्लेटलेट्स सेरोटोनिन हे रसायन स्वतः बनवत नाहीत, रक्तातून उचलून साठवतात आणि जखम झाली की सोडतात, त्याने एकमेकींना चिकटायला मदत होते, आणि ह्या गोळ्या ते उचलणंच अडवतात. म्हणजे संख्या तीच, पकड जरा ढिली. त्यामुळे रिस्क खोटी नाहीये, सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) तसाच असला तरी नवे काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, पाळीत जास्त ब्लीडिंग दिसलं तर डॉक्टरांना लगेच सांगायचं, आणि शी काळी झाली तर जराही वाट न बघता दाखवायचं.

पण 80 हजार प्लेटलेट्सवाला आणि 15 हजारवाला पेशंट, दोघांची रिस्क एकच का? आणि सगळ्या गोळ्या तरी कुठे सारख्या, मिर्टाझपिन आणि ब्युप्रोपिऑन सेरोटोनिनचं उचलणं अडवत नाहीत, म्हणून ब्लीडिंगची भीती असेल तिथे डॉक्टर त्यांचा विचार करतात (ब्युप्रोपिऑन फिट्स येणाऱ्यांना चालत नाही, तेव्हा स्वतःहून बदलू नका).

"आजच बंद करा" हे सगळ्यात घातक. एकदम सोडली की चक्कर, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात करंट लागल्यासारखं होणं, आणि डिप्रेशन परत उसळलं तर त्यात जीवही जाऊ शकतो. डोस हळूहळूच उतरवतात.

नॅचरल म्हणून सांगतात ते सेंट जॉन्स वॉर्ट हे झाडपाल्याचं औषधसुद्धा सेरोटोनिनवरच काम करतं, आणि बाकीच्या कितीतरी औषधांचा असर बिघडवतं.

खरी सांगायची गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. एसएसआरआयसोबत अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतलं तर पोटात ब्लीडिंगचा धोका चांगलाच वाढतो, आणि प्लेटलेट्स आधीच कमी असताना ह्या पेनकिलर एरवीही टाळायलाच सांगतात. तसंच आयटीपीसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर त्यानेही मूड आणि झोप बिघडते, हे सायकियाट्रिस्टना माहीतच नसेल तर ते गोळीचा डोस वाढवत बसतील. दोन्ही डॉक्टरांना दोन्हीकडची पूर्ण औषधांची यादी दाखवा, दात काढायच्या आधी डेंटिस्टलाही.