मुलांना अफरवतवर नेऊ नका

पहिल्यांदाच स्कीइंगला जाणाऱ्या कुटुंबांनी गुलमर्गला गोंडोलाने (केबल कारने) थेट अफरवतच्या डोंगरावर जाऊन तिथून स्कीवरून उतरावं, हा लेखातला सल्ला कृपया बदला. गोंडोलाचा दुसरा टप्पा साधारण ३,९५० मीटरवर संपतो. तिथला बर्फ दाबून सारखा केलेला नसतो, हिमस्खलनाचा धोका असतो. ती जागा मुरलेल्या लोकांची. नवशिक्या मुलांसाठी खालचे सौम्य उतारच योग्य. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब ठेवून थांबायचं कसं, सुरुवातीला एवढंच शिकू द्या. सकाळचे दोन तास पुरेत. मुलं दमली की पडतात, आणि सारखी पडली की त्यांचं मनच उडतं.

नाताळच्या सुट्टीत पुरेसा बर्फ असेलच असं नाही. २०२४ चा जानेवारी तर गुलमर्गला बराचसा कोरडाच गेला. माझ्या मते लहान मुलांची थोडी शाळा बुडाली तरी चालेल, पण फेब्रुवारी धरा.

भाड्याचे बूट घालून टाच वर उचलली जात नाही ना, हे स्वतः तपासा. आत लोकरी मोज्यांचा एकच जोड (सुती नकोत). हातमोज्यांचे मात्र दोन जोड हवेतच. आणि मुलाच्या मापाचं हेल्मेट मिळालं नाही, तर त्या दिवशी नुसतं बर्फात खेळू द्या.