'स्वयंपाकघरात जीवशास्त्र नसतं' म्हणणाऱ्या सरांना

सर,

लेपटी या चपट्या माशावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया आठवडाभर तशीच ठेवली होती. पहिल्या रात्री लिहिलेलं उत्तर सकाळी पुसून टाकलं, ते बरंच झालं. तुम्ही नाव दिलेलं नाही, खाली नुसतं 'एक निवृत्त प्राध्यापक' एवढंच आहे, म्हणून सर म्हणते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सरांचे मुद्दे चार. एक, लेपटीच्या पांढऱ्या बाजूला मी 'पोट' म्हटलं. दोन, भाकस हा दुसरा चपटा मासा आणि लेपटी एकाच पाटीत घातले. तीन, फोटोतल्या माशाचे डोळे उजव्या अंगाला आहेत आणि कल्ल्यामागे पर (पोहायचा पंख) दिसतो, म्हणजे ती लेपटी नव्हेच. आणि चार, जसंच्या तसं: 'स्वयंपाकघरात मासे साफ करून जीवशास्त्र शिकता येत नाही, ताई.'

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. पांढरी बाजू पोट नव्हे, ती लेपटीची उजवी कूस. डाव्या अंगावर दोन्ही डोळे आणि मातकट रंग, उजवं अंग वाळूला टेकलेलं. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक कबूल करायला मला लाज वाटत नाही, हे तुमच्या लक्षात यावं.

आता ते वाक्य. त्यातला 'ताई' मला विशेष आवडला. वर्गात फळ्याजवळ बोलावून मुलीला सगळ्यांसमोर खाली बसवायचं, तो सूर ओळखीचा आहे. मीही प्राणिशास्त्राची दोन वर्षं काढली आहेत. आमच्या प्रयोगशाळेत बरणीत एक चपटा मासा होता, त्यावर इंग्रजी चिठ्ठी. याला बाजारात काय म्हणतात असं मी विचारलं, तर उत्तर मिळालं की ते परीक्षेत येत नाही. घरी आल्यावर आईला वर्णन सांगितलं. ती म्हणाली, 'अगं, लेपटी ती. परवा खाल्लीस की.'

माझं बालपण ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातलं. आई पहाटेच्या गाडीने भाऊच्या धक्क्याला जायची आणि मासळी आणून विकायची. पापलेट, सुरमई हातोहात जायची. लेपटीचा वाटा मात्र संध्याकाळपर्यंत पाटीत पडून, मग तोच आमच्या घरी. त्यामुळे आयुष्यात मी किती लेपट्या सोलल्या असतील ते तुम्हीच मोजा. चिमटीला राख लावायची, डोक्यापाशी विळीने चीर द्यायची आणि साल शेपटीकडे ओढायची. नीट धरली तर मोज्यासारखी अख्खी निघते. ओढता ओढता हाताला कळतं की पाठीचा आणि खालचा पर शेपटीला जाऊन मिळालेत, मध्ये खाच म्हणून नाही. थुतरी आकड्यासारखी वळून तोंडावर आलेली असते, त्यात बोट अडकतं. आतडी? डोक्यामागे अंगठ्याएवढ्या जागेत सगळा संसार. बाकी पुढे मांसच.

आणि गाबोळी, म्हणजे माशाची अंडी. इतर माशांत ती पोटात असते. लेपटीत एक गाबोळी मातकट बाजूच्या मांसाखाली, दुसरी पांढऱ्या बाजूच्या मांसाखाली, मध्ये काट्यांची भिंत, आणि दोन्ही शेपटीच्या दिशेने लांबलेल्या. म्हणजे पांढरी बाजू पोट नाही, कूस आहे, हे आठ वर्षांच्या मुलीला विळीवर दिसत होतं. (मग लेखात पोट का लिहिलं, असं विचाराल. गिऱ्हाईक तसंच म्हणतं म्हणून. सवय.)

चपट्या माशाच्या डोळ्यावरून याआधीही वाद झालाय, सर. अंड्यातून निघालेलं पिल्लू सरळ पोहतं, एकेका बाजूला एकेक डोळा. वाढता वाढता एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकतो. असा अर्धवट सरकलेला डोळा सुरुवातीला कोणाच्या काय कामाचा, असं माइव्हर्ट नावाच्या जीवशास्त्रज्ञाने डार्विनला विचारलं होतं. डार्विनने 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या १८७२ च्या आवृत्तीत त्याला उत्तर दिलं. पुढे २००८ साली, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या अशा जीवाश्मांचा अभ्यास प्रसिद्ध झाला ज्यांत डोळा खरोखरच अर्ध्या वाटेवर आहे. माइव्हर्टच्या आक्षेपात निदान प्रश्न होता. तुमच्या वाक्यात प्रश्न कुठे आहे? आणि ती पिल्लं पाहिलेला माणूसही शेवटी परातीत वाकूनच बघत असणार ना!

दुसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. भाकस वेगळा, त्याचे डोळे कोणात डावीकडे तर कोणात उजवीकडे, वरचा डोळा डोक्याच्या कडेलाच थांबलेला, जबड्यात दात सुळ्यांसारखे. मला माहीत आहे. लेख ओळख करून देणारा होता, प्रबंध नव्हता.

राहिला फोटो. तो भाचीने ऐरोलीच्या घरी फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढला होता आणि त्यात डावं-उजवं उलटं येऊ शकतं, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. एवढ्यावरून 'लेपटी नव्हेच' म्हणणं म्हणजे जरा घाईच झाली.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी लिहाल अशी अपेक्षा. आणि फोटो तूर्त काढून टाकला आहे. रविवारी नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात जाईन तेव्हा नवा काढेन, कल्ल्याच्या बाजूने, जवळून.