खुलासा: पेतांकचे गोळे तोफेचे नाहीत

फ्रान्समधल्या पेतांक या, छोट्या लक्ष्याजवळ धातूचे गोळे फेकायच्या खेळावरची माझी जुनी पोस्ट सध्या ग्रुपांवर फिरते आहे. ‘नेपोलियनच्या सैनिकांनी उरलेल्या तोफगोळ्यांनी हा खेळ सुरू केला,’ असं मी त्यात लिहिलं होतं. ते चूक आहे. ऐकीव गोष्ट होती, पडताळली नाही.

खेळ जन्मला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मार्सेजवळच्या ला सिओता गावात. तिथे आधीपासून ‘झ्यू प्रोव्हांसाल’ खेळत. त्यात पावलं टाकत, धावत गोळा फेकायचा. ज्यूल लनुआर हा पट्टीचा खेळाडू संधिवातामुळे धावू शकेना. मग त्याच्यासाठी अंतर कमी केलं आणि वर्तुळात उभं राहूनच फेकायचं ठरलं. १९१० साली गावात स्पर्धाही झाली. नावातच सगळं आहे: प्रोव्हांसाल या तिथल्या भाषेत ‘पे’ म्हणजे पाय, ‘तांका’ म्हणजे रोवलेले.

तेव्हाचे गोळे तर पोलादाचे नव्हतेच. लाकडी, वरून खिळे ठोकलेले. पोलादी गोळे १९२० च्या दशकात आले. आणि ते पोकळ असतात! हा हिशेब मी आधीच करायला हवा होता. नियमानुसार गोळ्याचं वजन ६५० ते ८०० ग्रॅम. तेवढ्याच आकाराचा, म्हणजे ७५ मिलिमीटर व्यासाचा, पण तोफगोळ्यासारखा भरीव पोलादी गोळा मात्र पावणेदोन किलोच्या आसपास भरेल.

मूळ पोस्ट काढून टाकली आहे. तुमच्याकडे ती आली तर कृपया पुढे पाठवू नका. आधी पाठवली असेल तर तिथेच हा खुलासा टाका.